उसाकडचे पहिले वळण

१

सोमवार, दिनांक १७ जानेवारी २००५ रोजी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, पुणे शहरातील हडपसर येथे, ‘सेतुबंध सिस्टिम्स’ या कंपनीच्या चौथ्या मजल्यावरील बैठकीच्या खोलीत, पंच धम्मदीप ओव्हाळ यांच्या लाखेच्या मुद्रेने बंद केलेला लिफाफा सर्वांसमक्ष फोडण्यात आला; आणि त्यात जे असायला हवे होते ते नव्हते.

लिफाफ्यात कार्ड होते, यात शंका नाही. नखापेक्षा थोडे मोठे, काळे, शर्यतीच्या गाडीतल्या नोंदी टिपणाऱ्या लॉगर नावाच्या डबीतले. मुद्रा अभंग होती. लाखेवर ओव्हाळांच्या अंगठीची खूण होती, सही त्यांचीच होती. परंतु इंजिनिअर चैताली खुटवडने ते कार्ड लॅपटॉपमध्ये सरकवले, पडद्यावर आकडे उमटले, आणि ते भलतेच निघाले.

“सत्तेचाळीस सेकंद,” चैताली म्हणाली. “शहाबाजची सगळ्यात चांगली फेरी सत्तेचाळीस सेकंदांची दिसतेय.”

“एक्केचाळीस,” ओव्हाळ म्हणाले. “काल मी स्वतः मोजली आहे. एक्केचाळीस आणि दोन दशांश.”

कंपनीची जाहिरात आणि प्रसिद्धी सांभाळणारी निकिता पाध्ये पेन आपटत होती. “ओव्हाळसाहेब, तुमच्याबद्दल रिस्पेक्ट आहेच. पण तुमचं घड्याळ एकीकडे आणि मशीन एकीकडे. इंडियानाचे लोक मशीनचंच ऐकणार.”

“घड्याळ चाळीस वर्षांचं आहे, बाई. खोटं बोलायला शिकण्याचं त्याचं वय केव्हाच गेलं.”

भिंतीला टेकून उभा असलेला शहाबाज शिकलगार पडद्याकडे असा पाहत होता, की जणू त्यावर परक्या माणसाचा चेहरा दिसतो आहे.

झाले होते ते असे. सेतुबंधला अमेरिकेत गिऱ्हाईक हवे होते. तिथल्या उघड्या चाकांच्या, एकआसनी गाड्यांच्या शर्यतींतल्या सर्वांत खालच्या पायरीवर एका हंगामापुरती एक जागा घ्यावी आणि गाडीवर कंपनीचे नाव रंगवावे, असे संचालकांच्या मनाने घेतले. त्या शर्यतींचा रिवाज सरळ आहे. पैसा जो आणतो तो गाडीत बसतो. चालक कुठल्या देशाचा हा प्रश्न नावाशेजारी कोणता झेंडा रंगवायचा एवढ्यापुरताच विचारला जातो. मात्र इंडियाना राज्यातल्या ज्या संघाशी बोलणे झाले, त्याने एक अट घातली होती: ‘पैसा कोणाचाही चालेल, पण चालक गाडी भिंतीवर घालणारा नको. चाचणी घ्या आणि गाडीच्या यंत्रातल्या नोंदी सोमवारी तुमच्या पाच वाजेपर्यंत पाठवा.’

चालक दोन होते. हडपसरच्या चांद शिकलगार मिस्त्रींचा मुलगा शहाबाज, आणि सुट्या भागांचे कारखानदार हिंमतराव जाचक यांचा अभय. पक्षपाताचा संशय नको म्हणून कंपनीने पंच नेमला तो मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला. एकतीस वर्षांच्या नोकरीत ओव्हाळांच्या एकाही सहीवर कधी कोणी बोट ठेवले नव्हते. आज ठेवले गेले होते.

“सर,” चैताली एकाएकी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “ही रेघ बघा. गाडी वळताना कुठल्या बाजूला ढकलली जाते, ते ही दाखवते. डावं वळण असेल तर रेघ खाली, उजवं असेल तर वर. दुसऱ्या लिफाफ्यातल्या अभयच्या कार्डात बारा फेऱ्या रेघ खाली आहे. आणि याच्यात बाराही फेऱ्या वर.”

म्हणजे या कार्डातली गाडी उजवीकडे वळत होती.

लोणी काळभोरच्या पुढे एका बंद पडलेल्या खासगी धावपट्टीवर पिंपे मांडून चाचणीचा लंबगोल मार्ग आखला होता. ऑक्टोबरात दोन्ही चालकांच्या मोटार क्लबचा सराव त्याच मार्गावर झाला तो आपल्याकडच्या सवयीने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. तेव्हा पहिले वळण विहिरीकडचे येई. पण शनिवारी रात्री इंडियानाहून ईमेल आली की आमच्याकडे लंबगोल मार्गावर गाडी सदैव डावीकडे वळते, तशीच चालवा. म्हणून रविवारी सारे उलटे झाले. पहिले वळण उसाकडचे आले.

“लॉगरमधल्या घड्याळाचा सेल गेलाय,” चैताली म्हणाली, “त्यामुळे तारखेवरून काही कळणार नाही. पण हे कार्ड कालचं नाही. हा ऑक्टोबरातला सराव आहे.”

ओव्हाळ सावकाश खुर्चीत बसले. आदल्या दिवशी, उन्हात, चार माणसांदेखत, त्यांनी भलत्याच दिवसाला लाख लावली होती.

२

ते सव्वादहापासून अकरापर्यंत एकटेच बसून होते. समोर वही, वहीत एकच प्रश्न: केव्हा?

लिफाफ्यात नंतर कोणी हात घातलेला नव्हता. मुद्रा तसे सांगत होती. तेव्हा कार्ड बदलले गेले ते गाडीतच. शहाबाज थांबला तेव्हा ओव्हाळ आणि चैताली तंबूत आकडे उतरवीत होते. गाडीपाशी पोहोचायला त्यांना चार मिनिटे लागली. लॉगरची डबी सीटखाली, साध्या खटक्याची. उघडून कार्ड बदलायला दहा सेकंद पुरे. आणि त्या चार मिनिटांत गाडीला चार जणांचे हात लागले होते. हिंमतराव टायर पाहायला वाकले होते. अभय शहाबाजशी हात मिळवायला गेला होता. निकिता फोटो काढीत होती. चांदभाई इंजिनाचे झाकण उघडीत होते. ऑक्टोबरच्या कार्डांचे म्हणाल, तर चैतालीने त्यांच्या प्रती दोन्ही चालकांच्या घरी आणि कंपनीत दिल्या होत्या. त्यामुळे तो धागा कोणाच्याच दारात थांबत नव्हता.

घड्याळाने अकराचे ठोके दिले. उरले सहा तास.

हिंमतराव जाचक खालच्या कँटीनमध्ये चहा थंड होऊ देत बसले होते. शेजारी अभय.

“विचारा,” हिंमतराव म्हणाले. “संशय माझ्यावरच यायचा. पोरासाठी निम्मा खर्च घालायला निघालोय, म्हणजे चोरीही मीच करणार.”

“केलीत का?”

“तुम्ही फारच वळसे घालून बोलता बुवा.” हिंमतरावांनी कप बाजूला सारला. “नाही केली. मी टायर पाहत होतो. बारा फेऱ्यांत उजव्या बाजूचे दोन्ही टायर खरवडून निघाले होते आणि डावे जवळजवळ नवे. माझा धंदाच तो आहे, ओव्हाळ. मी वाकलो की टायर पाहतो, सीटखाली नाही पाहत.”

“आणि आपण?” ओव्हाळांनी अभयकडे पाहिले.

अभय टेबलावर नखाने रेघोट्या ओढत होता. “मी हरलोय हे मला कालच कळलं होतं, सर. पहिल्याच फेरीत उसाकडच्या वळणावर मी पिंप उडवलं. शहाबाज तिथून गेला तो दोरी लावल्यासारखा. मी त्याला तेच सांगायला गेलो होतो.”

“मग आता जागा तुम्हाला मिळाली तर?”

“मिळेल. आणि गाडीवर माझ्या नावापुढे अमेरिकेचा झेंडा लागेल.” तो कोरडे हसला. “माझा जन्म डेट्रॉइटचा. पासपोर्ट तिथला. इथं मला अमेरिकन म्हणतात, तिथं इंडियन. म्हणजे दोन्हीकडे मी पाहुणा.”

“बापाच्या पैशावर बरा चालतोय पाहुणचार,” हिंमतराव पुटपुटले.

ओव्हाळ उठले. दोघांवर विश्वास ठेवावा असे त्यांना वाटत होते, आणि नेमकी त्याच गोष्टीची त्यांना भीती वाटत होती. पण जिना चढताना एक विचार त्यांना थांबवून गेला. हिंमतरावांनी झिजलेले टायर पाहिले होते. अभयने स्वतः डावीकडे गाडी वळवली होती. रविवारची दिशा या दोघांना पाठ होती. मग त्यांच्यापैकी कोणी उलट्या दिशेचे कार्ड कशाला ठेवील? बेत आधी रचला असला, तरी दिशा बदललेली पाहताच तो सोडला असता, किंवा कोरे कार्ड सरकवले असते.

याचा अर्थ एकच. ज्याने कार्ड बदलले, त्याला गाडी कुठल्या दिशेने धावली हे ठाऊकच नव्हते.

पण गाडीपाशी आलेले चौघेही सकाळपासून धावपट्टीवर हजर होते!

३

निकिताच्या टेबलावर तीन फोन होते आणि तिन्ही वाजत होते.

“मला व्यक्तिशः शहाबाजच हवा होता,” तिने सरळ सांगून टाकले. “पेपरात हेडलाइन ‘पुण्याचा मुलगा अमेरिकेत’ अशी हवी. अभय गेला तर आम्ही पैसे भरून अमेरिकेचाच झेंडा लावणार, मग उपयोग काय? पण डायरेक्टरांना हिंमतरावांचे पैसे दिसतात. शिवाय…” ती अडखळली. “शिवाय कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणालं, की शहाबाजचं नाव वाचून व्हिसाच्या खिडकीवर किती महिने जातील कोण जाणे.”

“कोण म्हणालं?”

“सगळेच गप्प बसले, साहेब. त्यामुळे सगळेच म्हणाले असं धरा.”

ओव्हाळांनी मान हलवली. “काल काढलेले फोटो दाखवा.”

दीडशेच्या वर फोटो होते. तिने ते एकामागून एक पुढे सरकवले: गाडी उसाकडे झुकलेली, गाडी सरळ पट्टीवर, पिंप उडतानाचा अभय. दिशा बदलल्याचे निकिताला माहीत होते. तिनेच तर रविवारी सकाळी सर्वांना गोळा करून ईमेल वाचून दाखवली होती.

“सर्वांना?”

“हो. म्हणजे चांदभाई सोडून. ते इंजिनाखाली होते. त्यांच्या त्या ढणढणाटात कोणाला काय ऐकू येतंय!”

ओव्हाळ पडद्याजवळ सरकले. “पुढे चला. नाही, थांबा. हा मोठा करा.”

फोटो शहाबाजच्या फेऱ्यांच्या वेळचा होता. पुढे तंबू, तंबूमागे चांदभाईंचा निळा टेम्पो. टेम्पोचे तोंड सोलापूर रस्त्याकडे, म्हणजे धावपट्टीकडे पाठ. काचा वर केलेल्या. आत चांदभाई, खाली मान घातलेले. आणि त्यांच्या कानातून काहीतरी पांढरे बाहेर आले होते.

“हे काय आहे?”

निकिता पडद्याजवळ वाकली. “दोरे? नाही, मिस्त्री लोक हात पुसतात ना, ते सुताचं वेस्ट. कानात कोंबलंय.” तिने आणखी दोन फोटो काढले. एक अभयच्या फेऱ्यांचा. त्यातही टेम्पो तसाच, काचा वर, मान खाली, कानात वेस्ट. “पण असं का? इंजिन तर त्यांनीच बांधलंय.”

ओव्हाळांनी वही मिटली. गेले चार तास ते एका चोराला शोधत होते. आणि आता तो सापडू नये असे त्यांना वाटू लागले होते.

तीन वाजायला पंधरा मिनिटे होती.

४

चांद शिकलगारांचे गॅरेज हडपसरच्या भाजी मंडईमागे होते. एक रिक्षा उताणी करून ठेवलेली, तिच्या पोटात चांदभाईंचे दोन्ही हात. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर त्यांची बायको हुस्नबानू लसूण सोलत बसली होती.

“या साहेब. काय लागला का पत्ता?” चांदभाईंनी हात पुसले. पांढऱ्या वेस्टचा बोळा ओव्हाळांनी नीट पाहून घेतला.

“थोडा थोडा लागतोय. तुमच्याकडून एकच खात्री करायची आहे, चांदभाई. काल शहाबाजने पहिलं वळण कसं घेतलं?”

“झकास घेतलं की. विहिरीपाशी गिअर उतरवला, अन् लोण्यातून सुरी जावी तसा निघून गेला.”

“विहिरीपाशी?”

“व्हय. पहिलं वळण तेच ना?”

ओव्हाळ उलट्या रिक्षाच्या चाकावर हात ठेवून उभे राहिले. ते म्हणाले, “काल पहिलं वळण उसाकडचं होतं. शनिवारी रात्री दिशा बदलली. तिथे जो जो होता त्याला ते दिसलं. तुम्हाला तेवढं दिसलं नाही, कारण तुम्ही टेम्पोत पाठ करून, कानात बोळे घालून बसला होता. ऑक्टोबरचं कार्ड तुम्ही घरूनच खिशात आणलं होतं.”

हुस्नबानूच्या हातातली पाकळी खाली पडली.

चांदभाई बसकण मारून खाली बसले.

“मी कधीच बघत नाही, साहेब,” ते म्हणाले. “नऊ वर्षांचा होता तेव्हापासून. गाडी सुटली की मी तोंड फिरवतो. अभयच्या येळेलाबी फिरवतो. दुसऱ्याचं पोरगंबी पोरगंच. इंजिन थांबलं की कुणीतरी काचेवर टकटक करतं, मग मी जातो.”

“पण मग इतकी वर्षं नाही अडवलंत. आताच का?”

चांदभाई उठले, फळीवरच्या डब्यातून घडी घातलेले कागद काढून त्यांच्या हाती दिले. कराराची प्रत होती. चौदाव्या कलमाखाली पेन्सिलीची रेघ.

“आमच्या अलिझाने वाचून दाखवलं. बारावीला हाय. वाचताना मधेच थांबली, म्हणाली अब्बा, हे राहू द्या. मी म्हटलं, वाच.”

ओव्हाळांनी वाचले. शर्यतीत चालकाचा मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी नेण्याची व्यवस्था व खर्च कुटुंबाने करावयाचा होता.

“झेंडा तिकडं न्यायचे पैसे ते देत्यात,” चांदभाई म्हणाले. “पोरगं माघारी आणायचं आलं की ते आमच्यावर. म्हणजे त्यांनी हिशेब केलाय, साहेब. कुणीतरी खुर्चीवर बसून माझ्या पोराच्या मरणाचं कलम टाईप केलंय. मग मला कसं बघवंल? मी म्हटलं, त्याचं तोंड उतरंल, ते महिन्याभरानं वर येईल. पेटीतनं आलेला कसा वर येणार?”

दोन्ही करार ओव्हाळांच्या फायलीत होते. ओळ न् ओळ त्यांनी वाचली होती. अभयच्या करारात चौदावे कलम नव्हते, कारण कागदोपत्री त्याचा मायदेश अमेरिकाच होता. दोन करारांत तेवढा फरक आहे, अशी नोंदही त्यांनी वहीत व्यवस्थित केली होती, आणि पान उलटले होते.

“कालचं कार्ड कुठे आहे?”

चांदभाईंनी सदऱ्याच्या खिशातून वेस्टची पुरचुंडी काढली. “टाकून द्यायला गेलो होतो, कालव्यात. हात उचलंना. त्याची गाडी हाय त्यात.” मग एकदम आवाज खाली आणून ते म्हणाले, “साहेब, अजून तुमच्या हातात हाय. सापडलं नाही म्हणा. पाच वाजून जाऊ द्या.”

हाच तो क्षण, ज्याला ओव्हाळ दुपारपासून भीत होते. पुरचुंडी चांदभाईंच्या तळहातावर होती. घ्यायला हात पुढे करायचा की नाही, ते ओव्हाळांनी ठरवायचे होते. नोकरीत त्यांना पैसे देऊ करणारे शेकडो भेटले होते, त्यांना नाही म्हणणे सोपे गेले होते. या माणसाने काहीच देऊ केले नव्हते.

“मी आजवर खोटा अहवाल लिहिलेला नाही,” ते अखेर म्हणाले. “आजही लिहिणार नाही. पण ते कलम माझ्याही नजरेखालून गेलं होतं, त्याचं मला काहीतरी करावं लागेल. तुम्ही माझ्याबरोबर चला.”

“मी? शहाबाजसमोर?”

“उठा,” उंबऱ्यावरून हुस्नबानू म्हणाली. लसणाची सुपली तिने बाजूला ठेवली होती. “मला न सांगता केलंत ना? मग आता त्याला सांगून या.”

५

चार वाजून वीस मिनिटांनी बैठकीच्या खोलीत पुन्हा सर्व जण जमले. ओव्हाळांना बोलावे लागलेच नाही. चांदभाई दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “कार्ड मी बदललं होतं. हे घ्या खरं.”

शहाबाज एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

“अब्बा, का?”

ओव्हाळांनी कराराचे पान टेबलावर ठेवून चौदावे कलम मोठ्याने वाचले. मग अभयचा करार उघडला आणि त्या जागी काय नव्हते ते दाखवले. अभयने ते कागद स्वतःकडे ओढून घेतले, दोनदा वाचले आणि बापाकडे पाहिले. हिंमतरावांनी नजर खाली वळवली.

“पंच म्हणून माझी सही झाल्याशिवाय या नोंदी इंडियानाला जात नाहीत,” ओव्हाळ म्हणाले. “कार्ड कोणी बदललं आणि कोणी परत आणलं, हे अहवालात नावानिशी येईल. पण चौदावं कलम उलटं लिहिलं जाईपर्यंत, म्हणजे ती जबाबदारी कंपनी घेईपर्यंत, मी पेनचं टोपण काढणार नाही.”

“चाळीस मिनिटं राहिलीत!” निकिता म्हणाली.

“छत्तीस. घड्याळ माझ्याकडे आहे.”

निकिता फोन घेऊन बाहेर गेली. काचेपलीकडे ती येरझाऱ्या घालताना दिसत होती. कधी कपाळावर हात, कधी हात हवेत. आत चैतालीने कार्ड सरकवले.

पडद्यावर रेघ उमटली. ती खाली होती. बाराही फेऱ्या खाली.

“एक्केचाळीस पॉइंट दोन,” चैताली म्हणाली. ओव्हाळांनी घड्याळ खिशात ठेवले.

शहाबाज पडद्याकडे पाहतच नव्हता. “नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून,” तो म्हणाला. “एकदाही पाहिलं नाहीत, अब्बा? मी प्रत्येक वेळी टेम्पोकडे हात करायचो.”

चांदभाई टेबलाला वळसा घालून चैतालीच्या मागे जाऊन उभे राहिले. “काय हाय हे, पोरी? मला सांग.”

“ही एक फेरी, चांदचाचा. ही दुसरी. मी बारा एकावर एक ठेवते.” तिने कळ दाबली. बारा रेघा एकमेकींवर येऊन बसल्या, आणि एकच जाड रेघ असावी तसे दिसू लागले.

“ब्रेक कुठं?”

“इथे.”

“अन् इथं ॲक्सिलेटर सोडला?”

“सोडला नाही. कमी केला. बघा, किती हळू.”

चांदभाईंचे काळवंडलेले बोट पडद्यापासून इंचभर अंतर राखून रेघेवरून चालू लागले. उसाकडचे वळण आले, तेथे ते रेंगाळले. सरळ पट्टीवरून पुढे गेले, विहिरीकडच्या वळणावर वाकले, पुन्हा उसाकडे आले. कुठे झटका नव्हता. कुठे घाई नव्हती. खोलीतले सगळे त्या बोटाकडे पाहत होते.

चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी दार उघडले. निकिताचा चेहरा लाल झाला होता. “डायरेक्टर हो म्हणाले. खर्च आणि विमा, दोन्ही कंपनीचे. लेखी फॅक्स येतोय. साहेब, आता तरी सही!”

फॅक्सचा कागद सरकत बाहेर येईपर्यंत ओव्हाळ थांबले. तो त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, आणि या वेळी काय लिहिले आहे तेवढेच न वाचता काय राहून गेले आहे तेही शोधले. मग सही केली. पण कागद पुढे सारला नाही. तो हातात धरून ते चांदभाईंकडे वळले.

“पंचाचं काम संपलं. तुम्ही मिस्त्री आहात. काय म्हणणं आहे?”

चांदभाईंनी पडद्यावरून बोट काढले. मुलाकडे पाहिले, आणि या वेळी तोंड फिरवले नाही.

“पोरगा गाडी नीट चालवतो,” ते म्हणाले. “जाऊ द्या त्याला.”